मार्गदर्शन न करणारे मार्गदर्शक : ‘याडो’च्या विश्वस्तांविषयी

१

वाङ्मयाच्या अभ्यासात लेखक, कलाकृती आणि वाचक या तीन घटकांची चर्चा आपण नेहमीच करीत आलो आहोत. साहित्याच्या समाजशास्त्राने प्रकाशक, संपादक व ग्रंथविक्रेता यांनाही या चर्चेत थोडेबहुत स्थान मिळवून दिले. मात्र लेखनाला लागणारी जागा, वेळ आणि निर्वेधता ज्या संस्था पुरवितात, त्या संस्था चालविणाऱ्या मंडळींकडे अभ्यासकांचे लक्ष अद्याप फारसे गेलेले दिसत नाही. विश्वस्तांची नावे वार्षिक अहवालाच्या पहिल्या पानावर छापली जातात आणि तेथेच राहतात. संस्था सुरळीत चालू असताना ते कोणाला आठवत नाहीत, आणि संस्थेत वादळ उठले की दोषाचे धनी म्हणून तेवढे आठवतात.

कलावंतांना काही आठवडे वा महिने राहण्याची सोय करून देणाऱ्या, नफ्याचा हेतू नसलेल्या संस्थांना प्रस्तुत लेखात ‘कलावंत-निवास’ असे म्हटले आहे. अशा निवासाच्या विश्वस्तांचे कर्तव्य वरवर पाहता साधे वाटते : इमारत राखावी, निधी जमवावा, माणसे निवडावीत आणि बाजूला व्हावे. यांतील शेवटचे काम सर्वांत अवघड आहे, असे माझे मत आहे. ज्याला आपण छप्पर देतो, अन्न देतो, त्याने काय लिहावे आणि काय मानावे याविषयी अवाक्षर न काढणे हे सत्ता हाती असलेल्या माणसाला सहजासहजी जमत नाही. हा संयम केवळ व्यक्तीच्या सौजन्यावर सोपविला तर तो संकटकाळी टिकेल याची शाश्वती नसते. त्याला नियमांचा आधार लागतो. अमेरिकेतील ‘याडो’ या संस्थेवर १९४९ साली जो प्रसंग ओढवला, त्याच्या आधारे हे मत येथे मांडावयाचे आहे.

२

न्यूयॉर्क राज्यात सॅराटोगा स्प्रिंग्ज नावाचे गाव आहे. तेथील सुमारे चारशे एकरांची मालमत्ता स्पेन्सर ट्रास्क या वित्तव्यावसायिकाने १८८१ साली घेतली. त्याची पत्नी कॅट्रिना ही लेखिका होती. या दांपत्याची चारही अपत्ये बालपणीच गेली. जुने घर १८९१ साली आगीत जळाले. त्याच जागी त्यांनी मोठा वाडा पुन्हा उभारला. वारस उरला नसल्याने ही वास्तू सर्जनशील माणसांच्या कामासाठी ठेवावी असा निश्चय करून त्यांनी १९०० साली संस्थेची स्थापना केली. १९०९ सालच्या अखेरच्या दिवशी स्पेन्सर ट्रास्कचा रेल्वे अपघातात मृत्यू झाला. कॅट्रिनाने पुढे, १९२१ साली, ट्रास्कचा भागीदार व कुटुंबाचा स्नेही जॉर्ज फॉस्टर पीबडी याच्याशी विवाह केला आणि पुढच्याच वर्षी तिचेही निधन झाले. संस्था प्रत्यक्षात आणण्याचे काम पीबडीकडे आले. १९२४ मध्ये एलिझाबेथ एम्स या स्त्रीची नेमणूक झाली आणि १९२६ मध्ये पहिले पाहुणे राहावयास आले. एम्स १९६९ पर्यंत कार्यकारी संचालिका होत्या.

याच सुमारास न्यू हॅम्पशायरमधील पीटरबरो येथे दुसरी एक संस्था नावारूपाला आलेली होती. संगीतकार एडवर्ड मॅकडॉवेल याच्या पत्नीने, मॅरियन मॅकडॉवेल हिने, १९०७ साली ती सुरू केली. ती स्वतः पियानोवादक होती. पतीच्या मृत्यूनंतर गावोगाव कार्यक्रम करून आणि व्याख्याने देऊन तिने वर्षानुवर्षे संस्थेसाठी पैसा उभा केला. तेथे दुपारच्या जेवणाची टोपली प्रत्येकाच्या कामाच्या खोलीबाहेर ठेवून जाण्याची प्रथा आहे. या प्रथेमागे एक निश्चित विचार आहे. जेवणासाठी उठावे लागू नये, कोणाशी बोलावे लागू नये आणि आभारही मानावे लागू नयेत, असा तिचा आशय आहे. याडोतही सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत शांततेचा नियम होता आणि दुपारचे जेवण डब्यात मिळे. दानाचे ओझे दान घेणाऱ्यास जाणवू नये याची व्यवस्था या दोन्ही ठिकाणी अशा बारीकसारीक तपशिलांतून लावलेली आढळते.

तथापि, दोन्ही संस्थांचा आरंभीचा काळ एकेका व्यक्तीच्या छायेखाली गेला. याडोत तर कोणाला बोलवावे आणि कोणाला किती दिवस ठेवावे या गोष्टी बहुतांशी एम्स यांच्या विवेकावर चालत. हा विवेक सामान्यतः चांगला होता. संगीतकार एरन कोपलंड याने १९३२ मध्ये तेथे समकालीन संगीताचा महोत्सव भरविला. कृष्णवर्णीय कवी लँगस्टन ह्यूज याला १९४२ मध्ये, म्हणजे अमेरिकेतील वर्णभेद कायद्याने मान्य असलेल्या काळात, तेथे बोलावण्यात आले. परंतु चांगल्या विवेकावर चालणाऱ्या संस्थेत नियम लिहून ठेवण्याची निकड कोणास भासत नाही. विश्वस्त मंडळात गावातील प्रतिष्ठित नागरिक होते, तसेच साहित्यिकही होते. समीक्षक माल्कम काउली हा त्यांपैकी एक. कारभार बिनबोभाट चालला होता आणि मंडळाने खोलात जाऊन काही विचारावे असा प्रसंगच उद्भवत नव्हता.

३

ज्या पाहुणीवरून वादळ उठले ती ॲग्नेस स्मेडली. तिचे नाव भारतीय वाचकास सर्वस्वी अपरिचित नसावे. १८९२ मध्ये अत्यंत गरीब घरात जन्मलेली ही लेखिका न्यूयॉर्कमध्ये लाला लजपतराय यांच्या संपर्कात आली. भारतीय क्रांतिकारकांना साहाय्य केल्याच्या आरोपावरून १९१८ साली तिला अटक झाली. पुढे बर्लिनमध्ये ती सरोजिनी नायडूंचे बंधू वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्याबरोबर अनेक वर्षे राहिली. १९२१ साली बर्लिनमधील भारतीय क्रांतिकारकांचे जे मंडळ मॉस्कोस गेले, त्यात तीही होती आणि आपल्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे हेही होते. तिची ‘डॉटर ऑफ अर्थ’ ही आत्मचरित्रात्मक कादंबरी १९२९ साली प्रसिद्ध झाली. त्यानंतर चीनमधील युद्ध व क्रांती यांची वार्ताहर म्हणून तिने मोठी कीर्ती मिळविली. १९४३ ते १९४८ या काळात तिचा मुक्काम याडोत होता आणि चिनी सेनानी जू द याच्या चरित्रावर तिचे काम चालले होते.

१० फेब्रुवारी १९४९ रोजी अमेरिकी सैन्यखात्याने जपानमधील सोव्हिएत हेरजाळ्याविषयीचा एक अहवाल प्रसिद्धीस दिला. त्यात स्मेडली हेर असल्याचे म्हटले होते. तिने आरोप नाकारला आणि न्यायालयात जाण्याचा इशारा दिला. थोड्याच दिवसांत खात्याने माघार घेतली. परंतु दरम्यान केंद्रीय तपासयंत्रणेचे, म्हणजे एफबीआयचे, अधिकारी याडोत येऊन पाहुण्यांची चौकशी करून गेले होते. संचालिकेच्या कचेरीतीलच एक कर्मचारी या यंत्रणेला बराच काळ माहिती पुरवीत होती, हेही त्याच सुमारास उघड झाले.

त्या हिवाळ्यात याडोत अगदी थोडे पाहुणे होते : कवी रॉबर्ट लॉवेल, लेखिका एलिझाबेथ हार्डविक, आपल्या पहिल्या कादंबरीवर काम करणारी फ्लॅनरी ओ’कॉनर आणि एडवर्ड मेझेल. लॉवेलला १९४७ चे पुलित्झर पारितोषिक मिळालेले होते आणि साहित्यवर्तुळात त्याच्या शब्दाला वजन होते. त्याच्या पुढाकाराने या पाहुण्यांनी मागणी केली की, एम्स यांचा कम्युनिस्टांशी संबंध असल्याने त्यांना तत्काळ दूर करावे. २६ फेब्रुवारी १९४९ रोजी याडोतच विश्वस्तांची सभा झाली. लॉवेलने फिर्यादी वकिलाप्रमाणे प्रश्न विचारले, साक्षी मांडल्या. मागणी मान्य न झाल्यास प्रकरण देशभरच्या साहित्यिकांपुढे नेण्याचा इशाराही दिला. सभेतील संभाषण लघुलेखकाकरवी शब्दशः टिपून घेण्यात आले होते.

येथे लॉवेलविषयी एक गोष्ट नमूद करणे न्यायाचे होईल. महायुद्धात सैन्यात जाण्यास नकार दिल्याबद्दल त्याने १९४३ साली तुरुंगवास पत्करला होता. तेव्हा सत्तेपुढे लाळघोटेपणा करणारा हा मनुष्य नव्हे. त्या वसंतऋतूत त्याला तीव्र मानसिक आजार जडला आणि रुग्णालयात दाखल व्हावे लागले. म्हणून त्याच्या वर्तनाचा विचार सहानुभूतीने व्हावयास हवा. परंतु सभेतील त्याच्या मागणीला इतरांनीही साथ दिली होती. ती मागणी ज्या वातावरणातून आली ते वातावरण एका माणसाच्या आजारातून निर्माण झालेले नव्हते. मॅकार्थीचे नाव गाजण्याच्या आधीचे हे वर्ष आहे, आणि संशय हाच पुरावा मानण्याची सवय तोवर समाजात मुरली होती.

४

विश्वस्तांनी या सभेत काय केले, हा आपल्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न आहे. त्यांनी फिर्याद ऐकून घेतली. फिर्यादींना हाकलून दिले नाही. त्याच वेळी तेथल्या तेथे निर्णय देण्याचेही त्यांनी टाळले. दरम्यान सभेच्या टिपणाच्या प्रती काही लेखकांच्या हाती आल्या आणि त्यांच्यात खळबळ उडाली. एलिनॉर क्लार्क, आल्फ्रेड काझिन, जॉन चीव्हर प्रभृतींनी एम्स यांच्या बाजूने एक पत्र तयार केले आणि पूर्वी याडोत राहून गेलेल्या पन्नासेक कलावंतांनी त्यावर सह्या केल्या. २६ मार्च रोजी मंडळ पुन्हा भरले. आरोप फेटाळण्यात आले आणि एम्स आपल्या पदावर कायम राहिल्या.

या निर्णयाकडे केवळ भल्या माणसांचा विजय म्हणून पाहणे पुरेसे नाही. मंडळापुढे प्रत्यक्षात दोन प्रश्न होते आणि ते एकमेकांत गुंतलेले होते. स्मेडली हेर होती काय, हा पहिला. एम्स यांनी विश्वस्तनिधीचा आणि विश्वासाचा दुरुपयोग केला काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर देणे हे विश्वस्तांचे काम नव्हते. त्यासाठी न्यायालये होती. दुसऱ्याचे उत्तर देणे मात्र त्यांचेच काम होते. मंडळाने हे दोन प्रश्न वेगळे ठेवले यातच त्याचे श्रेय आहे. पाहुणीच्या राजकीय मतांची जबाबदारी यजमानावर टाकण्याचे तत्त्व एकदा मान्य झाले असते, तर त्यानंतर प्रत्येक अर्जाबरोबर मतांची झडती घ्यावी लागली असती, आणि झडती घेणाऱ्या घरात कोणताही लेखक मोकळेपणाने लिहू शकला नसता.

आजच्या वाचकास या संदर्भात आणखी एक वस्तुस्थिती सांगितली पाहिजे. स्मेडलीचे चाहते तिला दीर्घकाळ संपूर्ण निरपराध मानीत आले. रूथ प्राइस यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या चरित्रात, उपलब्ध झालेल्या कागदपत्रांच्या आधारे, वेगळा निष्कर्ष काढला : स्मेडलीने चीनमधील वास्तव्यात सोव्हिएत गुप्तयंत्रणेसाठी खरोखरच काम केले होते. मग १९४९ चा निर्णय चुकला असे म्हणावे काय? माझ्या मते उलट हा निष्कर्ष त्या निर्णयाचे खरे मोल दाखवितो. पाहुणी निरपराध असेल तरच यजमानाचे वर्तन योग्य, अशी अट घातली तर संस्थेचे स्वातंत्र्य हे प्रत्येक पाहुण्याच्या पूर्वायुष्यावर अवलंबून राहील. याडोने तिला चरित्रलेखनासाठी खोली दिली होती, आणि खोलीत चरित्रलेखनच चालले होते. स्मेडली १९५० मध्ये इंग्लंडमध्ये वारली. ते चरित्र तिच्या मृत्यूनंतर, १९५६ साली प्रकाशित झाले.

एवढे मान्य करूनही लॉवेलच्या तक्रारीतील एक अंश शिल्लक राहतो, आणि एम्स यांच्या समर्थकांनी त्याकडे पुरेसे लक्ष दिले असे वाटत नाही. एका पाहुणीला सुमारे पाच वर्षे आसरा मिळतो, आणि तिच्याइतकेच गरजू असे इतर लेखक दारापर्यंतही पोहोचत नाहीत, हे कोणत्या निकषावर घडले? याचे उत्तर संस्थेच्या कोणत्याही लेखी नियमात सापडण्यासारखे नव्हते. ते एम्स यांच्या मनात होते. ज्या निवडीचे कारण केवळ निवडणाराच जाणतो, त्या निवडीवर पक्षपाताचा आरोप करणे सोपे असते आणि तो खोडून काढणे कठीण. सनातन मित्रभावाने केलेली कृपा आणि कटाचा भाग म्हणून दिलेला आसरा बाहेरून सारखेच दिसतात. म्हणजे विश्वस्तांनी मार्चमध्ये जो संयम दाखविला तो वाखाणण्याजोगा असला, तरी त्यापूर्वीच्या वीस-बावीस वर्षांत त्यांनी जो निष्काळजीपणा दाखविला तोही या प्रकरणाचे एक कारण होता.

अलिप्तता आणि उदासीनता यांत फरक करावयास हवा तो येथे. कलावंताच्या कामात लक्ष न घालणे ही अलिप्तता; संस्थेच्या कामात लक्ष न घालणे ही उदासीनता. याडोच्या मंडळाजवळ पहिला गुण होता, पण त्याच्या आडोशाला दुसरा दोषही वाढला होता. आज याडोतील निवड त्या त्या कलेतील व्यावसायिक कलावंतांच्या समित्या करतात आणि मुक्काम साधारणतः दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंतचा असतो. अशा व्यवस्थेत एम्स यांच्या काळचा घरगुती जिव्हाळा कमी झाला, अशी खंत कोणी व्यक्त करील. परंतु ज्याला संचालिकेची ओळख नाही, अशा लेखकाच्या बाजूने विचार केला तर हा तोटा स्वीकारण्याजोगा ठरतो.

या मंडळींविषयी आणखी एक विशेष सांगण्यासारखा आहे. पाहुणे म्हणून आलेले लेखकच पुढे संस्थेचे आधारस्तंभ झालेले दिसतात. चीव्हर तरुणपणी तेथे राहिला, १९४९ मध्ये संस्थेच्या बचावासाठी उभा राहिला आणि नंतर तिच्या कारभारातही सहभागी झाला. पॅट्रिशिया हायस्मिथ हिने १९४८ मध्ये तेथे काही आठवडे राहून आपल्या पहिल्या कादंबरीवर काम केले. १९९५ साली तिचा मृत्यू झाला तेव्हा तिने आपली संपत्ती याडोच्या नावे ठेवली होती. ज्याला कोणी काही विचारले नाही, तो आपण होऊन परत देतो, असा अनुभव या उदाहरणांतून येतो. माल्कम काउलीची बाबही लक्षणीय आहे. डाव्या चळवळीशी असलेल्या पूर्वसंबंधांवरून टीका झाल्यामुळे त्याला १९४२ मध्ये सरकारी नोकरी सोडावी लागली होती. संशयाची झळ स्वतः सोसलेला मनुष्य मंडळात असणे ही १९४९ मध्ये संस्थेच्या दृष्टीने हिताची गोष्ट ठरली असावी. मंडळात केवळ दाते आणि हिशेबनीस असू नयेत, ज्यांनी स्वतः लेखनाचे व मताचे मोल मोजले आहे अशीही माणसे असावीत, असा बोध त्यातून घेता येईल.

५

मराठीच्या अभ्यासकाने या परदेशी प्रकरणात रस का घ्यावा, असा प्रश्न विचारला जाणे स्वाभाविक आहे. त्याची दोन कारणे सांगतो.

पहिले कारण व्यवहाराचे आहे. आपल्याकडील बहुसंख्य वाङ्मयीन संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदल्या जातात. या कायद्यान्वये हिशेब तपासले जातात, विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयात फेरफार अहवाल द्यावा लागतो, मालमत्ता विकावयाची तर परवानगी घ्यावी लागते. हे सर्व आवश्यकच आहे. पण लेखकाशी विश्वस्ताचे नाते कसे असावे, याविषयी कायदा काही सांगत नाही आणि सांगूही शकणार नाही. ती पोकळी संस्थेच्या घटनेने आणि परंपरेने भरून काढावयाची असते. आपल्या किती संस्थांच्या घटनेत निवडीचे निकष, मुदतीची मर्यादा आणि तक्रार ऐकण्याची पद्धत स्पष्टपणे लिहिलेली आढळेल? भारतातही अलीकडच्या काळात लेखकांसाठी निवास सुरू झाले आहेत; २००८ साली आरंभ झालेले ‘संगम हाऊस’ हे त्याचे एक उदाहरण. महाराष्ट्रात व गोव्यात असे प्रयत्न करू इच्छिणाऱ्यांनी इमारतीच्या नकाशाआधी या तीन गोष्टी कागदावर आणाव्यात, असे सुचवावेसे वाटते.

दुसरे कारण संशोधनाचे आहे. १९४९ च्या त्या सभेविषयी आज आपण इतक्या तपशिलाने बोलू शकतो, कारण सभेतील शब्द टिपले गेले आणि संस्थेचे दप्तर जपले गेले. याडोचा कागदपत्रसंग्रह आता न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत अभ्यासकांसाठी उपलब्ध असून २००८ मध्ये त्यावर आधारित प्रदर्शनही तेथे भरले होते. ज्या कागदांतून विश्वस्तांचा मोठेपणा दिसतो त्यांतूनच त्यांचा निष्काळजीपणाही दिसतो. तरीही ते कागद खुले केले गेले. महाराष्ट्र साहित्य परिषदेसारख्या १९०६ पासून चालत आलेल्या संस्थेची, किंवा जिल्ह्या-जिल्ह्यांतील वाचनालयांची व साहित्य संघांची इतिवृत्ते हा आपल्या वाङ्मयेतिहासाचा एक महत्त्वाचा साधनसंग्रह आहे. कोणत्या लेखकाला कोणी व्यासपीठ दिले, कोणाचे नाव कोणत्या सभेत सुचविले गेले आणि कोणत्या सभेत वगळले गेले, कोणत्या मतभेदावर कोणी राजीनामा दिला, याची उत्तरे कवितासंग्रहांच्या प्रस्तावनांतून मिळावयाची नाहीत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एखाद्या लेखकावर आणखी एक प्रबंधिका लिहिण्याऐवजी आपल्या गावच्या एका संस्थेचे दप्तर वाचावयास घेतले, तर त्यातून वाङ्मयाच्या अभ्यासाला नवी सामग्री लाभेल. विश्वस्तांनीही असा विद्यार्थी दाराशी आला असता कपाटाची किल्ली त्याच्या हाती द्यावी.